दोनदा सोडलेलं पाव इंच

हार्पस्टर, नेब्रास्का
४ एप्रिल १९५३

ति. हल्डाआत्या हिस,

एल्डनचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच घे. जवळ असतो तर तू आधी कान धरला असतास.

मी कॉलेज कसं सोडलं ते बाबांनी तुला कळवलं असेलच, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे एका ओळीत. खरं असं, की आरेखनाच्या मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की माझा पूल फक्त कागदावरच्या नदीवर उभा राहील. मी टी-पट्टी खिडकीबाहेर फेकली. खिडकी बंद होती. त्यानंतर मी कॉलेज सोडलं की कॉलेजने मला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

सध्या बाबांच्या पेंडीच्या दुकानात पोती उचलतो. तू इथून गेलीस तेव्हा पोती साधी असायची. आता ती फुलाफुलांच्या सुती कापडाची येतात, आणि गावातल्या बायका कोंबड्यांना काय मानवतं हे न बघता, गोधडीला कोणतं कापड शोभेल ते बघून पेंड घेतात. हवं ते पोतं नेहमी ढिगाच्या तळाशी असतं. काल ब्रॉयबाईंनी निळ्या ठिपक्यांच्या एका पोत्यासाठी माझ्याकडून सोळा पोती हलवून घेतली आणि मग म्हणाल्या की निळा जरा उजळच आहे, राहू दे.

आता मुद्दा. शेजारच्या ल्युथरन चर्चच्या तळघरात दर गुरुवारी महिला मंडळाचा गोधडीचा वर्ग भरतो. कौंटीने यंदा नवी शिक्षिका नेमली आहे, नेवा हॅलस्टेड. नऊ गावांतली नऊ मंडळं ती एकटी सांभाळते आणि खडखडणारी मोटार स्वतः चालवत हिंडते. मी एक पोतं पोचवायला जिना उतरलो तेव्हा ती फळ्यावर तुझा एक नमुना काढून दाखवत होती. आत्या, तिने पट्टीशिवाय, नुसत्या हाताने काटकोन काढला. वर्ग सुटल्यावर मी परत जाऊन तो मोजला. काटकोनच होता.

तिच्या टेबलावर तुझ्या नमुन्यांची तपकिरी पाकिटं ओळीने मांडलेली असतात. तुझं नाव ती इतक्या आदराने घेते की मीच तुझा भाचा हे सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं की पोतं कुठे ठेवू.

तिची नेमणूक ऑक्टोबरपर्यंतची आहे. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे मंडळांची समिती ठरवणार, आणि समिती म्हणजे ब्रॉयबाई. म्हणजे माझ्या हातात एक उन्हाळा आहे. काय करू ते उलट टपाली कळव. दोन कविता केल्या आहेत, त्या सोबत जोडल्या आहेत.

तुझा लोभ आजवर जसा मला न मागता मिळाला तसाच पुढेही मिळू दे. यापुढे मात्र मागून घेईन.

तुझा,
एल्डन


डोव्हर मिल, मिझुरी
१५ एप्रिल १९५३

चि. एल्डन यास अ. उ. आ. त्यातला एक अकलेसाठी वेगळा काढून ठेव.

कविता वाचल्या आणि परत पाठवते आहे. तुझ्या आजोबांनीही आजीला कविता केल्या होत्या. तिने त्या जपून ठेवल्या, कारण कागद जाड होता, आणि पुढे त्यातूनच गोधडीच्या तुकड्यांचे साचे कापले. माझा धंदा त्या साच्यांवर सुरू झाला, तेव्हा कविता अगदीच वाया जातात असं मी म्हणणार नाही. तुझा कागद मात्र पातळ आहे.

माझं ऐकशील तर पोतं खाली ठेव, हात पूस, आणि दिवसाउजेडी तिला सरळ शब्दांत सांग. ती नाही म्हणाली तर दुपारपर्यंत वाईट वाटेल. हो म्हणाली तर आयुष्यभर पोती उचलशील, पण आनंदाने.

एक बजावून ठेवते. आमच्या धंद्याच्या वाटेने तिच्याकडे जाऊ नकोस. मी नवा नमुना काढला की तो चार-पाच शिक्षिकांना पाठवते, नमुन्यावर नाव नाही, आत चिठ्ठी नाही, पाकिटावर फक्त शिक्का. त्या तो वर्गात करून बघतात आणि काय बिघडलं ते मला कळवतात. एकदा कागद दुसरीच्या हातात गेला की तो आपला राहत नाही. तुझ्यासारख्या तापट माणसाला हे झेपायचं नाही.

मी उद्यापासून आर्कान्सामध्ये शिकवायला जाते आहे. जूनअखेर परतेन, तोवर तुझी पत्रं इथे साचून राहतील. तुझ्या बापाला सांग की एका ओळीत पत्र लिहिलं म्हणून तिकिटाचे पैसे कमी होत नाहीत.

माझी माया तुझ्यावर आहे, म्हणूनच इतकं स्पष्ट लिहिलं.

तुझी,
हल्डाआत्या


हार्पस्टर
२४ मे १९५३

ति. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तू परत येऊन हे वाचशील तोवर मी कदाचित सुखी माणूस झालेला असेन. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सरळ शब्दांत सांग म्हणतेस. पण शब्द माझ्या तोंडात आले की त्यांची पोती होतात. आणि नंतर तूच लिहिलंस की तुमच्यात नाव लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, एक शिक्षिका दुसरीचा नमुना बघूनच सगळं ओळखते. आत्या, वाट दाखवून मग त्या वाटेने जाऊ नकोस म्हणणं हे तुझं नेहमीचंच.

मी नमुना काढला. दुसऱ्या कुणाचा नाही, माझा स्वतःचा. बारा इंचांचा चौकोन, बेचाळीस तुकडे. पूर्वेच्या कोपऱ्यात लाल चौकटीची खिडकी, ती चर्चच्या तळघराची. तिथून त्रिकोणांची रांग निघते, बदकं उडत चालल्यासारखी, आणि थेट पश्चिमेच्या पिवळ्या चौकोनावर येऊन थांबते. चर्चच्या पश्चिमेला काय आहे? आमचं दुकान. त्याचा रंग कोणता? पिवळा. आता याच्यावर नाव कशाला हवं? तरी एका कोपऱ्यात ए. व्ही. अशी माझ्या नावाची मुंगीएवढी अक्षरं घातली आहेत, शोधणारीला सापडावीत म्हणून.

नुसता कागद दिला नाही. पुठ्ठ्याचे साचे कापले, कडा काचेने घासून गुळगुळीत केल्या. शिवताना किती कापड आत जातं ते आईला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली सगळ्या बाजूंनी पाव इंच. मग प्रत्येक साच्यात ते पाव इंच धरूनच कापलं. म्हटलं तिला तेवढाही हिशेब करायला लागू नये.

आईच्या शिवणपेटीत तुझं एक रिकामं पाकीट होतं, तपकिरी, वर तुझा शिक्का असलेलं. गोधडीवाल्यांत त्या पाकिटाची केवढी इभ्रत! त्यात सगळं घालून गुरुवारी वर्गाआधी तिच्या टेबलावर कॉफीच्या डब्याखाली ठेवून आलो. जिन्यातून वाकून पाहिलं. तिने पाकीट उघडलं, एकेक साचा उजेडात धरला, आणि आत्या, ती हसली. नंतर सगळे साचे छातीशी धरून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. लाल चौकटीच्या त्याच खिडकीपाशी!

आता फक्त पुढच्या गुरुवारची वाट बघायची.

तुझा लोभ आहेच, पण लग्नाला गोधडी तू स्वतः करून आणायचीस.

एल्डन


हार्पस्टर
२५ जून १९५३

ति. आत्यास नमस्कार. आज साष्टांग घालण्याइतकं अंग थाऱ्यावर नाही.

तिने माझा नमुना वर्गाला शिकवला.

म्हणजे आमच्या एका मंडळाला नव्हे, नऊच्या नऊ मंडळांना. ऑगस्टच्या कौंटी-जत्रेत नऊ मंडळांच्या नऊ गोधड्या शेजारी शेजारी टांगायच्या आणि सगळ्या याच नमुन्याच्या, असा बेत ठरला आहे. माझ्या मनातली गोष्ट आजमितीला एकशेतीस बायका शिवत आहेत. तिला वाटतं पाकीट तू पाठवलंस. कुणाला वाटणार नाही? शिक्का तुझाच.

मला तेही सोसलं असतं. पण आमच्या मंडळात ब्रॉयबाई म्हणाल्या की तो पिवळा तुकडा मळेल, तिथे तपकिरी बरा. बायकांनी हात वर करून मत दिलं. अकरा विरुद्ध तीन मतांनी मी तपकिरी झालो. मी जिन्यात उभा होतो, राहवलं नाही, तिथूनच ओरडलो की तो तुकडा पिवळाच पाहिजे. चौदा बायका माना वळवून बघायला लागल्या. नेवाने शांतपणे विचारलं की दुकानात तपकिरी पोती शिल्लक नाहीत का. मी म्हटलं आहेत. म्हणाली मग दोन आणून दे.

एकीला त्यात पवनचक्की दिसते, दुसरीला डुकरांचा गोठा. मेथडिस्ट मंडळाला रेल्वेचा सांधा दिसतो. आमच्या आईलाही एक भाग आला आहे. ती रोज जेवणं झाली की माझ्यासमोर बसून माझा चौकोन शिवते आणि तो काढणाऱ्याचा उद्धार करते. कारण चौकोन सपाट बसतच नाही. मधोमध कासवाच्या पाठीसारखा फुगतो. दाबून इस्त्री केली तर फुगा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. काल बाबांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले की हा काढणारा माणूस जिथे असेल तिथे त्याला जेवण जात असेल का. मी बटाटे पुढे सरकवले.

माझी मापं चूक नाहीत. मी सात वेळा तपासली. तुमच्या बायकांना कापता येत नाही, दुसरं काय?

तू येताच उत्तर लिही. लोभ असू दे, निदान मंडळाच्या मताला तो टाकू नकोस.

एल्डन


डोव्हर मिल
३ जुलै १९५३

चि. एल्डन यास आ. उत्तम-बित्तम ते तुझं तू ठरव.

परत आले तर दारात तुझी दोन पत्रं आणि नेवा हॅलस्टेडचं एक. तुझी आधी वाचली आणि पोट धरून हसले. नंतर तिचं वाचलं, आणि हसू गेलं.

ती लिहिते की माझा नवा नमुना तिला फार आवडला, म्हणून तिने तो सगळ्या मंडळांना दिला. पण सगळ्यांचे चौकोन फुगले. तिने तीनदा नव्याने साचे काढले, तरी फुगतात. म्हणजे उतरवून घेताना चूक तिच्याच हातून झाली असणार, असं तिने नऊही मंडळांत उभं राहून सांगितलं आहे. काही बायका मला तक्रार लिहायला निघाल्या होत्या. तिने त्यांना थांबवलं, की तीस वर्षं नमुने काढणारी बाई चुकत नाही, शिकवणारी चुकली. ब्रॉयबाई आता म्हणतात की पुढल्या वर्षी जिला मोजता येतं अशी बाई आणावी. समिती जत्रेच्या दिवशी ठरवणार आहे. एवढं सगळं लिहून शेवटी ती मला विचारते की माझं नक्की काय चुकलं ते कृपा करून समजवा. आणि कोपऱ्यातलं ए. व्ही. हा पाकिटाचा अनुक्रमांक आहे का.

काय चुकलं ते तुला सांगते. माझे साचे नेहमी शिवून झालेल्या मापाचे असतात. शिवणीचं पाव इंच प्रत्येक बाई कापताना आपलं आपण सोडते. हे मी पाकिटावर छापत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. तू ते साच्यातच धरलंस. पाकीट माझं, म्हणून तिने रीतीप्रमाणे पुन्हा एकदा सोडलं. चौकोन एका मापाने वाढले, त्रिकोण तिरप्या बाजूला दुसऱ्याच मापाने, आणि बेचाळीस तुकड्यांची जास्तीची जागा मधोमध येऊन बसली. तिचं कापणं बरोबर आहे. तुझं मोजणंही बरोबर आहे. चूक तुझ्या मुकाट्याने पाकीट ठेवून पळण्यात आहे.

असली चूक उसवून नीट होते, मी ती शंभरदा पाहिली आहे. पण ती पोरगी माझं नाव राखायला स्वतःला अडाणी म्हणवून घेते आहे, आणि ते नावही माझं नव्हे. मी तिला अजून उत्तर लिहिलेलं नाही. उत्तर तू द्यायचं आहेस. तिने दोष सगळ्यांसमोर घेतला, तेव्हा तूही तो सगळ्यांसमोर परत घे.

माझा जीव अजूनही तुझ्यावर आहे. तो तू फार ताणू नकोस.

हल्डाआत्या


हार्पस्टर
१३ जुलै १९५३

ति. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी गुरुवारी ठरवून खाली गेलो होतो. जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबलो. ती म्हणत होती की माझ्या चुकीमुळे तुमचं कापड गेलं, मला माफ करा. मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिने विचारलं की काय आणलंस. मी म्हटलं पेंड, पन्नास पौंड.

तू लांब आहेस, तुला कल्पना नाही. या गावात माणूस एकदा हसण्यावारी गेला की त्याच्या नातवालाही त्याच नावाने हाक मारतात. कॉलेजचं प्रकरण अजून ताजं आहे. त्यावर हे आलं तर मी दुकानात उभाही राहू शकणार नाही.

म्हणून एक सुचवतो. चूक तुझी होती असं तू लिही. तीस वर्षांत एकच, लोक उलट कौतुक करतील. तिची नोकरी वाचेल, माझं तोंड वाचेल, आणि पुढे योग्य वेळी, आम्ही दोघंच असू तेव्हा, मी तिला सगळं सांगेन. ती तेव्हा हसेल, मला खात्री आहे.

लोभाची आज खरोखर गरज आहे म्हणून मागतो.

एल्डन


डोव्हर मिल
१८ जुलै १९५३

एल्डन,

आशीर्वाद या खेपेला शिल्लक नाहीत.

तू म्हणतोस तसं लिहायला माझी हरकत नाही. जत्रेच्या दिवशी नऊ मंडळांसमोर वाचून दाखवायला ब्रॉयबाईंच्या नावाने पत्र पाठवते. पण मी अर्धवट लिहीत नाही, तेव्हा तो पिवळा चौकोन म्हणजे कोण आणि बदकं कुठे निघाली आहेत, तेही त्यात सविस्तर येईल. कविता माझ्या लक्षात आहेत, त्याही घालीन.

नाहीतर तू बोल. २७ ऑगस्ट. अजून वेळ आहे.

हल्डा व्हॉस


हार्पस्टर
३० ऑगस्ट १९५३

ति. आत्यास शि. सा. न. वि. वि.

बोललो.

जत्रेच्या लांब मंडपात नऊ गोधड्या टांगल्या होत्या. कापड वाया घालवणं कुणाला मंजूर नव्हतं, म्हणून प्रत्येक मंडळाने फुगा आपापल्या परीने जिरवला होता. कुणी चुण्या घातल्या होत्या, कुणी मधून पट्टी घातली होती, मेथडिस्टांनी तर मधोमध एकेक बटणच ठोकून दिलं होतं. आमच्या मंडळाची मात्र तशीच होती. आतून कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. खाली ॲपल-पाय आणि मुरांब्यांची टेबलं, समोर बायका, मागे त्यांचे नवरे. ब्रॉयबाई अहवाल वाचायला उठल्या आणि नेवा त्यांच्या शेजारी हात बांधून उभी होती. मी बाकावर चढलो.

मी तीनच वाक्यं पाठ केली होती. नमुना माझा आहे, आत्याचा नाही. पाव इंच मी साच्यात धरलं होतं आणि सांगितलं नाही. हॅलस्टेडबाईंनी अगदी बरोबर कापलं. तिथे उतरलो असतो तर बरं झालं असतं. पण ब्रॉयबाईंनी विचारलं की मग ते हल्डा व्हॉसच्या पाकिटात कसं आलं. आत्या, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्यांचा तो चष्म्यावरून बघण्याचा रोख मला सहन झाला नाही. मी ओरडूनच सगळं सांगितलं. खिडकी, बदकं, दुकान, पिवळा चौकोन, जुलैत आलेलं तुझं पत्र, सगळं. शेवटी हेही म्हणालो की तुम्ही लोकांनी अकरा मतांनी मला तपकिरी केलंत.

मग फ्रीसआजी, ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांनी शेजारणीला मोठ्याने विचारलं की पोरगा कुणावर इतका चिडलाय, आणि शेजारणीने तेवढ्याच मोठ्याने सांगितलं की चिडलेला नाही, प्रेमात पडलाय. मग मंडप जो हसायला लागला तो थांबेना. आईने कपाळावर हात मारला, कारण तिने चार चौकोन शिवले होते. बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

ब्रॉयबाई हसल्या नाहीत. त्यांनी अहवालाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, नेवाची सर्वांसमोर माफी मागितली आणि तिथल्या तिथे समितीचं मत घेऊन नेमणूक दोन वर्षं वाढवली. एकही हात खाली राहिला नाही.

आता तू म्हणशील, चांगलं झालं. मलाही मिनिटभर तसं वाटलं. मग ती डुकरांच्या शेडमागे मला भेटायला आली. ती रागावलेली नव्हती, रागावली असती तर मी भांडलो असतो. ती म्हणाली की तू नमुना काढलास, वेड्यासारखा ठेवून गेलास, त्याचं मला काही नाही, माणूस बावळट असू शकतो. पण खरं काय ते तुला कळल्यानंतरचे सात गुरुवार मी बायकांची माफी मागत होते, आणि तू जिन्यात उभा राहून ती ऐकत होतास. ऐकून पेंडीचं वजन सांगत होतास. एवढं बोलून ती गेली.

लोभ ठेव किंवा ठेवू नकोस, मला आत्ता त्यातलं काही मागवत नाही.

एल्डन


डोव्हर मिल
२२ सप्टेंबर १९५३

चि. एल्डन यास अ. उ. आ. या खेपेला सगळे, मोजून.

बाकावर चढलास हे चांगलं केलंस. चढायला सात आठवडे लागले हे तिने सांगितलंच आहे, मी पुन्हा सांगत नाही.

आता एक बातमी. ती तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिते. दोन वर्षं मला बारीक रेघ नीट दिसत नाही. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, आणि या महिनाअखेर शस्त्रक्रिया आहे. नमुने काढणं, वर्ग घेणं, पाकिटं भरणं, हे सगळं कुणाच्या तरी हातात द्यायला हवं होतं. चांगलं कापणाऱ्या पुष्कळ आहेत. पण दुसरीचं नाव राखायला नऊ ठिकाणी उभी राहणारी मला एकच माहीत आहे. मी जत्रेनंतर तिला लिहिलं. तिने समितीचे आभार मानून नेमणूक परत केली. ती शनिवारी इथे पोचते. पुढल्या वर्षापासून पाकिटावर माझ्या नावाशेजारी तिचं नाव येईल.

समितीने काढून टाकलेली म्हणून ती कुठेही गेली नसती, इथेही आली नसती. मानाने नेमणूक मिळाली, म्हणून ती सोडता आली. तेव्हा तिला इथे आणण्यात तुझाही हात आहे.

रागावशील. रागाव, आणि कळव.

तुझी,
हल्डाआत्या


हार्पस्टर
३ ऑक्टोबर १९५३

आत्या,

सगे-सोयरे असेच असतात का? एप्रिलपासून मी तुला सगळं लिहितो आहे. एक उन्हाळाभर पोती हलवली, बाकावर चढलो, सगळ्या कौंटीने मला हसून घेतलं, ते कशासाठी? ती इथे राहावी म्हणून. आणि ती राहिली कुठे? तुझ्या घरी! दरोडेखोरसुद्धा आधी ओळख करून घेत नाही.

हे लिहून झालं. आता खरं लिहितो.

जत्रेनंतरच्या गुरुवारी मी खाली गेलो, या खेपेला सगळ्या पायऱ्या उतरून. ती त्या आठवड्यापासून आली नव्हती, वर्ग ब्रॉयबाईच चालवत होत्या. आमच्या मंडळाची फुगलेली गोधडी मागितली आणि उसवायला बसलो. बायकांनी पहिल्या गुरुवारी चेष्टा केली, दुसऱ्या गुरुवारी कॉफी दिली, तिसऱ्या गुरुवारी ब्रॉयबाईंनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि टाके ओढायचे नसतात, एक सोडून एक कापायचे असतात, हे दाखवलं. एका चौकोनाला दीड तास लागतो. मग पाव इंच छाटायचं आणि पुन्हा शिवायचं. अकरा झाले आहेत, नऊ राहिले. सपाट बसतात. पहिला सपाट बसला तेव्हा मी तो टेबलावर ठेवून नुसता बघत राहिलो. तपकिरी तुकडा तपकिरीच ठेवला आहे, कारण त्या म्हणतात ते खरं आहे, पिवळा मळला असता.

उसवताना डोक्यात काही राग राहत नाही, हे मला माहीत नव्हतं. डोक्यात फक्त ती सात गुरुवार कशी उभी होती ते येतं. डावा हात टेबलावर टेकलेला असायचा, आवाज हलू नये म्हणून. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी वजन सांगितलं. यावर मी तिला काय लिहिणार? माफी मागावी तर तीही तिच्याचकडून शिकल्यासारखी होईल. मी अजून दर गुरुवारी तिच्या मोटारीचा खडखडाट ऐकू येतो का म्हणून कान देतो, आणि ती मोटार मिझुरीत आहे.

तुझे डोळे बरे होवोत. हे रागात लिहिलेलं नाही.

एल्डन

ता. क. हे पत्र तू एकटीने वाच. तिला यातलं अक्षरही कळता कामा नये.


डोव्हर मिल
११ ऑक्टोबर १९५३

चि. एल्डन यास अ. उ. आ.

अक्षर बघून दचकू नकोस. डॉक्टरांनी माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आहे आणि महिनाभर ती हलवायची नाही. तेव्हा मी सांगते आणि नेवा लिहिते. येणारी पत्रंही तीच मोठ्याने वाचून दाखवते. ता. क. हा पत्राच्या शेवटी येतो, हे तुला कॉलेजात शिकवलं नसेल. आम्हाला तो सगळं वाचून झाल्यावर मिळाला.

मला दरोडेखोर म्हणालास ते लागलं नाही. पेशा मानाचा नाही, पण मेहनतीचा आहे. ब्रॉयबाईंनी उसवायला शिकवलं हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. राहिलेले नऊ चौकोन घाईत करू नकोस. तुझ्या आईला म्हणावं, त्यातले तिचे चार तिने स्वतःच उसवावेत, तुझ्यावर सोडू नयेत. तुझ्या बापाचं काल पत्र आलं, चक्क दोन ओळींचं. दुसरी ओळ तुझ्याबद्दल होती, आणि ती चांगली होती.

आता मी थकले. पोरीला म्हटलं आहे की शेवटी लोभाचं नेहमीचं काय ते तुझ्या मनाने घाल.

हल्डाआत्या

एल्डन,

खालचं मला कुणी सांगितलेलं नाही.

तुझं पत्र वाचून दाखवताना आत्याबाई दोन ठिकाणी हसल्या. एका ठिकाणी मी थांबले. का थांबलीस असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की अक्षर लागत नाही. त्यांनी खरं मानलं की नाही, पट्टीमुळे मला कळलं नाही.

तुझं अक्षर छापल्यासारखं आहे.

पुढचं पत्र माझ्या नावाने लिहिलंस, तर मला ते मोठ्याने वाचावं लागणार नाही.

नेवा हॅलस्टेड